मेडिकेटेड स्टेंट: औषध नेमकं कुठे जातं आणि गोळ्या का थांबवायच्या नाहीत?

अँजिओप्लास्टीनंतर नातेवाईक हमखास विचारतात, "ब्लॉकेज उघडलं, स्टेंटलाही औषध लावलंय. मग रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या कशाला?" उत्तर स्टेंटवरच्या औषधाच्या कामातच आहे.

औषध थेट जागेवर

गोळी घेतली की औषध रक्तातून सगळ्या शरीरात पसरतं. इथे मात्र उपचार हवा असतो रक्तवाहिनीच्या दोन-तीन सेंटिमीटर भागाला. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. साधा स्टेंट बसवल्यावर तिथल्या पेशी जखम भरताना जास्त वाढत आणि दहापैकी साधारण दोन-तीन रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद होई.

ही वाढ रोखणारं सिरोलिमस हे औषध किडनी प्रत्यारोपणाचे रुग्ण गोळीतून घेतात, रोज एक-दोन मिलिग्रॅम किंवा जास्त. स्टेंटवर ते किंवा त्याच गटातलं औषध एकूण एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतं आणि काही आठवडे ते महिने हळूहळू झिरपतं. असा स्टेंट माणसाला पहिल्यांदा १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये बसवला गेला. भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा मेडिकेटेड स्टेंटची कमाल किंमत करांशिवाय २९,६०० रुपये ठरली होती.

मग गोळ्या का?

जे औषध नको असलेली वाढ थांबवतं, तेच जाळीवर चढणारं नैसर्गिक अस्तरही उशिरा तयार होऊ देतं. तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. स्टेंट अचानक बंद पडला, तर मोठा हार्ट अटॅक येतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोरसारखी दुसरी गोळी हा धोका कमी करतात.

दोन्ही गोळ्या सहसा सहा महिने, हार्ट अटॅकनंतर सहसा वर्षभर लागतात. रक्तस्रावाचा धोका असल्यास डॉक्टर मुदत कमी करतात. पुढे बहुधा एक गोळी चालू राहते.

घरी लक्षात ठेवा

• बरं वाटतंय म्हणून, उपवास आहे म्हणून किंवा गोळ्या संपल्या म्हणून खंड पाडू नका.
• दात काढायचा असो वा ऑपरेशन, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.
• काळी शौच, रक्ताची उलटी किंवा न थांबणारा रक्तस्राव झाल्यास लगेच रुग्णालयात जा.
• डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचं कार्ड यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बोरिवलीच्या माणसाला घाटकोपरला त्रास झाला, तरी तिथल्या डॉक्टरांना लगेच माहिती मिळेल.

छातीत दाब, घाम किंवा धाप जाणवली, तर रिक्षा शोधत बसू नका, स्वतः गाडीही चालवू नका. १०८ वर फोन करा.