पाकिटावरचा चौकोन कुठे उघडतो?

"ताई, माझी हजार लेबलं वाया गेली बघ!" श्रावणात वडगावच्या मावसबहिणीचा फोन आला, तेव्हा मला वाटले, घरात पावसाचे पाणी शिरले असणार. प्रकरण वेगळेच होते.

ती घरी चटण्या करून विकते. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची. सासर कन्नड, त्यामुळे सासूबाई त्याच चटण्यांना शेंगा, अगसी आणि गुरेळ्ळु म्हणतात. गिऱ्हाईकही दोन्ही नावांनी मागते. महिन्यापूर्वी तिने पाकिटाच्या लेबलावर क्यूआर कोड छापून घेतला होता. मोबाईल धरला की चटण्यांची यादी आणि भाव दिसत. मग एके दिवशी यादी गेली आणि 'मुदत संपली, पैसे भरा' अशी इंग्रजी सूचना तिथे आली. घरातली लेबले राहिली बाजूला, विकलेल्या पाकिटांवरचे कोडही बंद पडले होते.

क्यूआर कोड म्हटले की आपल्याला भाजीवाल्याकडचे पैसे द्यायचे चौकोन आठवतात. पण हा चौकोन पैशांसाठी जन्मलेला नाही. १९९४ साली जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. साध्या बारकोडच्या उभ्या रेघांत माहिती फार थोडी मावत होती. कंपनीने पेटंट घेतले, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. म्हणूनच हा कोड जगभर पसरला. मग माझ्या बहिणीकडे पैसे कोणी मागितले, आणि कशाचे?

मालकीचे घर की भाड्याचे?

इथेच खरी मेख आहे. कोड दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात आपला पत्ता किंवा नंबर त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतच लिहिलेला असतो. त्याला मुदत नसते. कागद टिकेल तोवर तो चालतो. दुसऱ्या प्रकारात ठिपक्यांत कोड बनवून देणाऱ्या कंपनीचा पत्ता असतो आणि ती कंपनी गिऱ्हाइकाला पुढे आपल्याकडे पाठवते. याचा फायदा असा की छापलेला कोड तसाच ठेवून मागचे पान बदलता येते. तोटा असा की फुकटची मुदत संपली किंवा पैसे थकले, की कंपनी दार बंद करते. बहिणीने नकळत भाड्याचे घर घेतले होते.

हे ओळखणे अवघड नाही. छापायला देण्याआधी कोडवर मोबाईल धरा आणि पडद्यावर येणारा पत्ता वाचा. तो आपला असेल तर ठीक. कुण्या अनोळखी कंपनीचा आखूड पत्ता दिसला, तर आपण भाडेकरू आहोत असे समजावे आणि भाडे किती, कधीपर्यंत, हे आधी विचारून घ्यावे.

घरगुती धंद्याला सोपा मार्ग म्हणजे आपल्या व्हॉट्सॲप नंबरची लिंक कोडमध्ये घालणे. नंबर आपल्याकडे आहे तोवर कोड जिवंत राहतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची यादी फोटो आणि भावासह फुकट ठेवता येते. लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूरही घालता येतो. पाकिटावरच्या कोडमध्ये 'पाकीट पाहून विचारतो' आणि प्रदर्शनातल्या फलकावर 'स्टॉलवरून विचारतो' असे घातले, तर कुठल्या कोडवरून किती माणसे आली ते आपसूक कळते. त्यासाठी वेगळा खर्च नाही.

दोन भाषांना पुरेल एवढी जागा

आपल्या भागात या कोडचा आणखी एक उपयोग आहे. दुकानाच्या पाटीवर जागा मोजकी असते. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्ती कायद्याने पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. लेबलावर तर बोटभर जागाही मुश्किलीने उरते. कोडच्या मागे मात्र जागेची अडचण नाही. तिथे 'कारळ्याची चटणी' आणि 'गुरेळ्ळु चटणी' शेजारी शेजारी लिहावे. बाजारात एक बाई "लसूण आहे का हो?" विचारते, तर दुसरी "इदराग बळ्ळोळ्ळी ऐतेन्री?" दोघींना आपापल्या भाषेत उत्तर मिळाले, तर पाकीट पिशवीत पडायला वेळ लागत नाही. भाषांतर मशीनवर सोडू नका. घरातल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

मात्र घटक, तारीख, अन्न परवान्याचा क्रमांक ही माहिती लेबलावर छापलेलीच हवी. कोड तिची जागा घेऊ शकत नाही.

छापताना

पांढऱ्यावर काळा कोड सर्वांत चांगला. चारही बाजूंना कोरी जागा सोडावी. पाकिटावर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, घडीवर नको. फलकासाठी ढोबळ हिशेब असा की जितक्या अंतरावरून वाचायचा, त्याच्या दहाव्या भागाइतका कोड मोठा हवा. तेलाच्या डागांची फार चिंता नको. कोड कारखान्यासाठी बनलेला असल्याने, बनवताना सर्वांत वरची दुरुस्ती-पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही तो वाचता येतो. हजार प्रती काढण्याआधी एकच छापून घरातल्या चार वेगवेगळ्या मोबाईलवर पाहावी.

पैशांचा कोड आणि माहितीचा कोड वेगळे ठेवा आणि वर तसे लिहा. दुकानातल्या पैशांच्या कोडवर कुणी स्वतःचा कोड चिकटवून गेल्याचे प्रकार घडले आहेत. रोज सकाळी एकदा तपासावे. आणि हे घरातल्या सर्वांना सांगावे: पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. तसे सांगणारा गिऱ्हाईक नव्हे.

बहिणीची लेबले अखेर वाचली. जुन्या कोडवर तिने स्वतःच्या नंबरचा नवा स्टिकर चिकटवला. रात्री जेवणे झाल्यावर सासूबाईंपासून मुलापर्यंत सारे घर चिकटवायला बसले होते. आधी विकलेल्या पाकिटांचे मात्र काही करता आले नाही. त्यांतले किती गिऱ्हाईक परत फिरले, ते कधीच कळणार नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी धारवाडहून पहिला निरोप आला. कन्नडमधून. गुरेळ्ळु अर्धा किलो. उत्तर सासूबाईंनीच आवाजात रेकॉर्ड करून पाठवले.