वेब अनुप्रयोगांतील संचिका साठवण

वेब अनुप्रयोगांतील संचिका साठवण म्हणजे वापरकर्त्याच्या उपकरणातील संचिका, अर्थात फाइल, आंतरजालावरून सर्व्हरकडे पाठवणे, तेथे सुरक्षित ठेवणे आणि अधिकृत मागणी आल्यावर परत देणे यांची व्यवस्था होय. यात मागणी करणाऱ्या ब्राउझरला किंवा ॲपला 'क्लायंट' आणि मागणी पुरवणाऱ्या संगणकाला 'सर्व्हर' म्हणतात.

संचिका पाठवण्याची पद्धत

एचटीएमएल फॉर्ममधून संचिका चढवण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या दस्तऐवजात मांडली गेली. तीत फॉर्ममधील मजकूर आणि संचिका एकाच विनंतीत, सीमाचिन्हांनी विभागलेल्या स्वतंत्र भागांत जातात. 'मल्टिपार्ट' नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजही रूढ आहे.

क्लायंटकडील साठवण

वापरकर्त्याने स्वतः निवडलेली संचिकाच ब्राउझर संकेतस्थळाला वाचू देतो. कुकीची मर्यादा सुमारे ४ केबी, तर लोकल स्टोरेजची साधारणतः ५ एमबी असते. मोठ्या संचिकांसाठी इंडेक्स्डडीबी वापरतात. मात्र जागा कमी पडल्यास ब्राउझर ही साठवण पुसू शकतो. त्यामुळे महत्त्वाच्या कागदपत्राची एकमेव प्रत तेथे ठेवणे धोक्याचे ठरते.

सर्व्हरकडील साठवण

संचिकेचा आशय सहसा डिस्कवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवतात, तर तिचे नाव, आकार, मालक व दिनांक यांची नोंद डेटाबेसमध्ये होते. २००६ मध्ये सुरू झालेली ॲमेझॉन एस३ ही ऑब्जेक्ट स्टोरेजची परिचित सेवा आहे. आशय साठवला गेला पण नोंद झाली नाही, तर संचिका बेवारस राहते. नोंद झाली पण आशय पोहोचला नाही, तर अर्ज पूर्ण दिसूनही दाखला सापडत नाही. म्हणून आशय पूर्ण साठवल्याची खात्री झाल्यावरच पोच देणे योग्य मानले जाते.

खंडित जोडणी

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथून एखाद्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीसाठी दाखला चढवताना मध्येच नेटवर्क गेले, असे समजू. साध्या पद्धतीत संपूर्ण संचिका पुन्हा पाठवावी लागते. संचिकेचे तुकडे करून पाठवल्यास सर्व्हर मिळालेल्या तुकड्यांची नोंद ठेवतो आणि उरलेलेच तुकडे मागतो. शेवटी दोन्ही बाजूंनी काढलेले एसएचए-२५६ मूल्य जुळले, तर संचिका अखंड पोहोचली असे ठरते. अंतिम मुदतीच्या दिवशी हा फरक निर्णायक ठरू शकतो.

सुरक्षा

क्लायंटकडील तपासणी सहज टाळता येते. म्हणून संचिकेचा आकार व प्रकार सर्व्हरने पुन्हा तपासणे आवश्यक असते. केवळ नावातील '.पीडीएफ' या शेपटावर विसंबून चालत नाही. वापरकर्त्याने दिलेले नाव जसेच्या तसे न वापरता सर्व्हर स्वतःचे नाव तयार करतो. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला केवळ दुवा ठाऊक असलेल्या कोणालाही उघडता येऊ नये, यासाठी प्रत्येक मागणीच्या वेळी अधिकार तपासतात किंवा अल्पकाळच वैध असलेला स्वाक्षरीयुक्त दुवा देतात.

भारतातील वापर

महाराष्ट्र शासनाच्या 'आपले सरकार' संकेतस्थळावर दाखल्यांच्या अर्जासोबत कागदपत्रे चढवावी लागतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये वापरकर्त्याने चढवलेली प्रत आणि संस्थेने जारी केलेला दस्तऐवज यांत भेद केला जातो. जारी दस्तऐवज संबंधित संस्थेच्या नोंदींतून मिळत असल्याने तीच संचिका वारंवार चढवण्याची गरज कमी होते.