मॉडेल ग्लायडरचा ट्रान्समीटर : रूढ समज आणि वस्तुस्थिती

इंजिनाविना उडणाऱ्या प्रतिकृती-विमानास, म्हणजे मॉडेल ग्लायडरास, उंची हाच एकमेव आधार असतो. ती दोरीने खेचून, हाताने भिरकावून अथवा लहानशा विद्युत्-मोटारीच्या साह्याने काही सेकंदांत मिळवावयाची, आणि पुढे हवेच्या चढत्या झोतांचा शोध घेऊन टिकवावयाची, हाच या छंदाचा सारा आनंद. १९३७ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे रॉस हल आणि क्लिंटन डिसोटो या रेडिओतज्ज्ञांनी रेडिओच्या हुकमाखाली वागणारे ग्लायडर उडवून दाखविले, तेव्हापासून यंत्रणा ओळखू येऊ नये इतकी बदलली आहे. आजच्या स्पर्धायोग्य ग्लायडरच्या पंखाची मागील कड चार भागांत विभागलेली असते. बाहेरच्या अंगास दोन एलेरॉन आणि आतल्या अंगास दोन फ्लॅप. वळणे, वेग घेणे, चढत्या हवेत संथपणे घिरट्या घालणे आणि उतरताना गती मोडणे ही सर्व कामे या चार पृष्ठांनी मिळून करावयाची असतात, आणि प्रत्येक कामात त्यांचा परस्परसंबंध निराळा असतो. तो संबंध राखणे हे ट्रान्समीटरचे खरे कार्य होय. परंतु ट्रान्समीटर निवडताना हौशी मंडळी जे निकष लावतात ते बहुधा मोटारीच्या विमानांच्या अनुभवावरून उचललेले असतात, आणि म्हणूनच त्यांचा खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

चॅनेल जितके अधिक तितका ट्रान्समीटर ग्लायडरास योग्य, हा समज फार दूरवर पसरलेला आहे. हिशेब मांडून पाहावा. हाताने भिरकावण्याच्या एफ३के वर्गातील दीड मीटर पंखविस्ताराच्या ग्लायडरास सामान्यतः पृष्ठे हलविणारे चार सर्व्हो पुरतात. आणि ज्या एफ५जे वर्गात पंखविस्ताराची मर्यादा चार मीटर असून मोटार फार तर तीस सेकंद चालविण्याची मुभा आहे, त्यातील परिपूर्ण विमानासही पंखात चार, शेपटीत दोन आणि मोटारीसाठी एक असे सातच चॅनेल लागतात. आठ चॅनेल म्हणजे पुरेशी तरतूद झाली. त्याहून अधिकांची गरज दोर सोडण्याचा आकडा किंवा आत ओढली जाणारी चाके बाळगणाऱ्या मोठ्या प्रतिकृतींनाच पडते. उणीव पडते ती निराळ्याच ठिकाणी. स्वस्त सहा चॅनेलच्या पुष्कळशा ट्रान्समीटरांत दोन-तीन ठरीव मिश्रणेच, म्हणजे एका हुकमाने अनेक पृष्ठे हलविण्याच्या जोडण्याच, करता येतात, आणि फ्लॅपच्या हालचालीबरोबर एलिव्हेटरास वक्र प्रमाणात भरपाई देण्याची किंवा उड्डाणाच्या प्रत्येक अवस्थेस स्वतंत्र ट्रिम राखण्याची सोय त्यांत नसते. म्हणून खरेदीपूर्वी खातरजमा करावयाची ती चॅनेलांच्या आकड्याची नव्हे, तर दोन एलेरॉन व दोन फ्लॅप यांच्या पंखाची रचना त्या यंत्रास अवगत आहे की नाही, मिश्रणास वक्ररेषा देता येते की नाही आणि निदान चार-पाच उड्डाणावस्था ठेवता येतात की नाही, याची.

महाग यंत्र अधिक चांगले उडविते, हाही असाच एक भ्रम. एजटीएक्स ही मुक्त-स्रोत प्रणाली चालविणाऱ्या मध्यम किमतीच्या ट्रान्समीटरांत जी मिश्रणे बांधता येतात, ती गणिताच्या दृष्टीने कोणत्याही महागड्या यंत्राहून उणी नसतात. अधिक पैसे देऊन मिळते ते स्टिकच्या सांध्यांचे काटेकोर काम, उन्हात वाचता येणारा पडदा, टिकाऊ बांधणी आणि ग्लायडरसाठी तयार ठेवलेली यादी, जिच्यात पंखाचा प्रकार सांगितला की बरीचशी मांडणी आपोआप होते. मुक्त प्रणालीत हे सारे स्वतः मांडावे लागते. त्यास मेहनत पडते, परंतु त्या मेहनतीतून विमानाचे वर्तन जसे उमगते तसे ते तयार यादीतून उमगत नाही, असे माझे मत आहे. पैसे वाचणार असतील तर ते फ्लॅपच्या सर्व्होंवर खर्चावेत.

रेडिओलहरींच्या बाबतीत दोन परस्परविरोधी समज नांदताना दिसतात. जुन्या काळी ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या संचांत स्फटिक बसवावा लागे, आणि एकाच स्फटिकाच्या लहरीवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले की विमान पडलेच. त्या आठवणीने काही जुनी मंडळी अद्यापि धास्तावलेली असतात. उलट नवीन मंडळींस वाटते की २.४ गिगाहर्ट्‌झचा संच घेतला की सर्व चिंता मिटली, आणि कोणताही रिसीव्हर कोणत्याही ट्रान्समीटरशी जुळेल. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ साली अल्पशक्तीच्या उपकरणांकरिता परवानामुक्त झाला, आणि त्या पट्ट्यात संच आपली लहर सतत बदलीत किंवा पसरवीत असल्यामुळे शेजाऱ्याशी टक्कर होण्याचे भय जवळजवळ उरलेले नाही, हे खरे. परंतु प्रत्येक निर्मात्याची संदेशपद्धती निराळी असते. फुताबाचा रिसीव्हर स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरास ओळखीत नाही, आणि अनेक पद्धती बोलणारे मॉड्यूल असलेला ट्रान्समीटर घेतला तरच ही अडचण पुष्कळशी दूर होते. शिवाय या लहरी अवघ्या साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या असून कार्बन-तंतूंच्या कवचास त्या भेदू शकत नाहीत. अँटेनाचा कार्यक्षम भाग सुमारे ३१ मिलिमीटर लांबीचा, शेवटचा उघडा तुकडा तेवढा असतो. तो तुकडा कार्बनच्या धडाबाहेर असला पाहिजे आणि दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात बसविल्या पाहिजेत. ट्रान्समीटरच्या अँटेनाचे टोक विमानाकडे रोखल्याने संदेश जोरकस जातो असे मानणारे चुकतात. टोकाच्या दिशेने तो सर्वांत दुबळा असतो.

तथापि सर्वांत अधिक विमाने ज्या समजापायी बिघडलेली आहेत तो असा, की आखणी ही केवळ पडद्यावरची बाब असून यंत्रजुळणीत राहिलेला दोष सर्व्होचा मध्य सरकविणाऱ्या सबट्रिमने आणि प्रवासमर्यादेने झाकता येतो. हे म्हणजे ओळंब्यात नसलेली भिंत गिलाव्याने सरळ दाखविण्यासारखे आहे. सर्व्होच्या दांड्यास बहुधा २४ किंवा २५ दाते असतात. म्हणजे त्याची भुजा एक दाता सरकविली की ती १५ किंवा १४.४ अंशांनी फिरते, आणि भुजा योग्य दात्यावर बसविल्यानंतर जो जास्तीत जास्त साडेसात अंशांचा फरक उरेल तेवढाच सबट्रिमने भरून काढावयाचा असतो. लांब भुजा बसवून तिची हालचाल ट्रान्समीटरमध्ये चाळीस टक्क्यांवर आणली, तर नियंत्रणपृष्ठ हवे तितकेच हलेल यात शंका नाही. परंतु सर्व्होच्या दातेचक्रांत जो सूक्ष्म ढिलेपणा असतो तो त्या लांब भुजेने वाढून पृष्ठापाशी पोचेल, सर्व्होच्या सूक्ष्म पायऱ्यांपैकी बहुसंख्य वाया जातील आणि वेगात एलेरॉन थरथरू लागेल. फ्लॅपच्या बाबतीत तर जुळणीचा विचार आणखी बारकाईने करावा लागतो. फ्लॅप खाली साठ ते नव्वद अंश झुकावा लागतो, वर मात्र दोन-चार अंशच पुरतात; म्हणून फ्लॅप सरळ रेषेत असताना सर्व्होची भुजा काटकोनात न ठेवता प्रवासाच्या एका टोकाकडे कललेली ठेवावी लागते. ती काटकोनात ठेवली की सर्व्होचा जवळजवळ अर्धा प्रवास कामास येत नाही आणि ब्रेक लावताना लागणारे बलही घटते. कोणत्याही मिश्रणाने हा तोटा भरून निघत नाही. यंत्रजुळणी अशी पुरी झाल्यावर सर्व्होची दिशा, मध्य आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी आउटपुटच्या पायरीवर ठरवाव्यात. दिशा उलटविण्यासाठी मिश्रणात ऋण आकडे घालण्याची वहिवाट पडली की पुढे प्रत्येक नव्या मिश्रणाचे चिन्ह ताडून पाहण्यात संध्याकाळ जाते.

एक्स्पोमुळे पृष्ठाचा एकूण प्रवास कमी होतो, असे पुष्कळांस वाटते. प्रवास तितकाच राहतो; मध्याजवळची हालचाल तेवढी मंद होते. आणि मित्राचा आकडा उतरून घेण्यापूर्वी त्याचा ट्रान्समीटर कोणाचा हे विचारावे, कारण फुताबाच्या पद्धतीत हालचाल मंद करण्यास ऋण आकडा द्यावा लागतो आणि स्पेक्ट्रमच्या पद्धतीत धन.

एलेरॉनच्या असमान हालचालीचे प्रमाण एकदा ठरविले की ते सर्वत्र चालते, हा समज अनुभवी माणसांतही आढळतो. ग्लायडर वळविताना खाली गेलेला एलेरॉन आपल्या बाजूचा पंख मागे ओढतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेस जाऊ पाहते. पंख लांब असल्यामुळे ही ओढ विशेष जाणवते. म्हणून एलेरॉनचा खालचा प्रवास वरच्याच्या सुमारे निम्मा ठेवतात आणि रडराची थोडी जोड देतात. हे सरळ उड्डाणावस्थांत योग्यच आहे. परंतु उतरताना दोन्ही फ्लॅप पुष्कळ खाली आणि दोन्ही एलेरॉन थोडे वर घेऊन जो बटरफ्लाय ब्रेक लावतात, त्यात एलेरॉनचा वरचा प्रवास आधीच बव्हंशी संपलेला असतो. अशा स्थितीत खालचाही प्रवास असमानतेच्या हुकमाने अर्धा राहिला, तर जमिनीपासून दोन मीटरांवर, जेथे पंख सावरण्याची सर्वांत अधिक निकड असते, तेथेच विमान स्टिकला जुमानीत नाही. म्हणून ब्रेक जसजसा लागेल तसतशी असमानता शून्याकडे आणणारी तरतूद मिश्रणात केलीच पाहिजे. ब्रेकबरोबर एलिव्हेटरास द्यावयाची भरपाईही सरळ रेषेत नसते. फ्लॅप उघडण्याच्या आरंभी नाक वर उचलण्याची प्रवृत्ती जोरात असते आणि पुढे ती मंदावते, म्हणून तेथे वक्ररेषा लागते. ही वक्ररेषा भरपूर उंचीवर, ब्रेक हळूहळू ओढून आणि नाकाचे वर्तन पाहून ठरवावी. उतरण्याच्या वेळी प्रयोग करू नये.

हा ब्रेक बहुतेक चालक थ्रॉटलच्या स्टिकवर ठेवतात: स्टिक पूर्ण पुढे असता पंख स्वच्छ, मागे ओढता ब्रेक. मोटारीच्या विमानातून आलेल्या माणसास स्टिक मागे ओढणे म्हणजे निरुपद्रवी विश्रांती वाटते, आणि इथे तिचा अर्थ पूर्ण ब्रेक असा होतो. तेव्हा मोटारीचा हुकूम निराळ्या स्विचावर नेऊन हा शिरस्ता आपल्या सर्व विमानांत एकच ठेवणे श्रेयस्कर. दुसऱ्याने तयार केलेली मॉडेलची फाइल उतरवून घेतल्याने काम भागते, या समजुतीबद्दलही एवढेच सांगतो की मिश्रणांची मांडणी उसनी घेता येते. आकडे घेता येत नाहीत, कारण ते आपल्या सर्व्होच्या भुजेवर आणि आपल्या विमानाच्या गुरुत्वमध्यावर अवलंबून असतात.

संदेश तुटला असता रिसीव्हर काय करील, हे निर्मात्याने ठरवूनच दिलेले असते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. काही रिसीव्हर अखेरचा हुकूम तसाच धरून ठेवतात. त्या क्षणी मोटार चालू असेल तर ती चालूच राहते, आणि सरळ उडणारे ग्लायडर तसेच सरळ दूर निघून जाते. म्हणून फेलसेफ स्वतःच्या हाताने ठरवावा: मोटार बंद, ब्रेक निम्मा आणि रडरास किंचित कल, म्हणजे विमान घिरट्या घेत आसपासच खाली येईल. प्रोपेलर काढून, विमान धरून, ट्रान्समीटर बंद करावा आणि प्रत्येक पृष्ठ ठरविल्या जागी गेले की नाही हे डोळ्यांनी पाहावे. फेलसेफमध्ये नोंदलेल्या जागा सर्व्होच्या अखेरच्या हालचालीच्या असतात, मिश्रणांच्या नव्हेत. त्यामुळे पुढे एखाद्या सर्व्होची भुजा बदलली, दिशा उलटविली किंवा मध्य हलविला, तर ती नोंद नव्याने करावी लागते.