गिटारची घरघर: आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा

इलेक्ट्रिक गिटार घरघरतेय? पिकअप बदलण्याआधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर दोष केबल, अ‍ॅम्प किंवा अ‍ॅडाप्टरमध्ये शोधा. थांबला, तर व्हॉल्यूम वाढवून जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला घरघर घटली, तर सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या वायरिंगचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. त्यावर खरा इलाज दोन कॉइलचा हंबकर पिकअपच. सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये गिब्सनमध्ये तो घडवला.

तारांना हात लावल्यावर चरचर कमी होते? आतल्या पोकळीला तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडा. स्वस्तातलं काम, पण फरक जाणवतो! हात लावूनही काहीच बदल नाही? ब्रिजची ग्राउंड वायर तपासा.

आणि कृपा करून, आवाज घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. जीव जाऊ शकतो.