हुकूम बंद की कट?

नांदेडच्या एखाद्या लग्नघरात मेंढीकोटाचा डाव बसला की पत्ते वाटण्याआधी हा प्रश्न ठरलेला. बंद म्हणजे एकाने पत्ता पालथा ठेवायचा. कट म्हणजे उतारीचा रंग हातात नसलेल्याने जो दुसरा रंग पहिल्यांदा टाकला, तोच हुकूम. यातला खरा कोणता यावर कुणी वाद घालत नाही. आज कसं खेळायचं एवढंच ठरतं. हीच मंडळी फासे आणि कागद-पेन्सिल घेऊन रोलप्लेइंग गेम खेळायला बसली की मात्र जाडजूड इंग्रजी पुस्तकापुढे एकदम सोवळी होतात.

गैरसमज : पुस्तकात आहे तस्संच खेळायचं, नाहीतर तो खेळच नव्हे.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत काढला, आणि तो जन्मला तोच मुळात नियमांच्या मोडतोडीतून. आर्नेसन मिनेसोटात मित्रांबरोबर खेळत होता. हाताशी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक होतं, पण ते मुख्यतः सैन्याच्या तुकड्यांसाठी लिहिलेलं. एका फटक्यात आपलं पात्र मेलेलं खेळाडूंना रुचेना. तेव्हा जहाज किती मार सोसेल हे मोजायची आरमारी खेळातली रीत आपण माणसांना लावली, असं आर्नेसननेच पुढे सांगितलं. आज ज्याला ‘हिट पॉइंट’ म्हणतात तो असा एका टोळक्याच्या सोयीसाठी आलेला नियम आहे. पहिल्या संचातल्या तीन पुस्तिकाही अपुऱ्याच होत्या. उरलेलं ज्याचं त्याने भरायचं होतं.

गैरसमज : वीस पडले की काहीही साधतं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांत वीस पैलूंच्या फाशावर वीस पडल्यावर हमखास यश मिळतं ते फक्त हल्ला करताना. उडी मारणं, कुलूप उघडणं, पहारेकऱ्याला पटवणं यांत फाशाचा आकडा आणि पात्राचं कौशल्य यांची बेरीज ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचावी लागते. तरीही कित्येक टोळकी वीसला सगळं माफ करतात. करावं की, मजा येते! फक्त कंधारच्या किल्ल्याचा खंदक चिलखत घालून एका उडीत ओलांडणारा विसातून एकदा निघणारच, हे गृहीत धरावं.

गैरसमज : वीस पैलूंचा फासा नाही? मग तीन साधे फासे टाका, काय फरक पडतो.

बराच पडतो. वीस पैलूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, विसात एक. तीन साध्या फाशांची बेरीज १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये एक, आणि १० किंवा ११ येण्याची चारात एक. म्हणजे पराक्रम आणि फजिती दोन्ही दुर्मीळ होतात, कुशल पात्र भरवशाचं ठरतं. शांत, डावपेचाचा खेळ आवडणाऱ्यांनी हा बदल जरूर करावा. आरडाओरड हवी असेल त्यांनी करू नये. कवड्यांचंही तेच : चार टाकल्या तर दोन उताण्या पडणं नेहमीचं, चारही पडणं क्वचित.

गैरसमज : नियम वगळला की खेळ लवकर आटपतो.

मोनोपॉलीत दंडाचे पैसे ‘फ्री पार्किंग’वर साठवायची पद्धत घरोघर आहे, नियमपुस्तकात नाही. तिने खेळ उलट लांबतो, कारण दिवाळं निघायला आलेल्याच्या हातात पुन्हा पैसा पडतो.

रोलप्लेइंगमध्ये असा फटका जास्त आडून बसतो. समजा, लातूरला क्लासच्या धबडग्यातून चार मुलांना रविवारचे दोन तास मिळतात. बाण मोजणं, सामानाचं वजन धरणं खुशाल सोडावं. पण वेळ वाचवायला पात्रांची मधली छोटी विश्रांती काढून टाकली, तर योद्ध्याचे काही डाव रात्रीच्या झोपेपर्यंत परत भरतच नाहीत. ते तिच्यावर अवलंबून असतात. जादूगाराचे मंत्र मुख्यतः रात्रीच्या लांब झोपेनंतर भरतात, त्याला फारसा धक्का लागत नाही. योद्धा खेळणारा पोरगा तिसऱ्या रविवारी का येईना, याचं उत्तर तिथे सापडेल.

म्हणूनच ‘बदलायचा हक्क एकट्या गेममास्तरचा’, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, हेही मला पटत नाही. निवाडा त्याने द्यावा, खेळ अडून राहू नये. कायमचा बदल मात्र सगळ्यांसमोर, फासा पडण्याआधी. आणि एका वेळी एकच, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं.

राहिली भाषा आणि कायद्याची धास्ती. जानेवारी २०२३ पासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय दिलं की तो मराठीत आणता येतो, बदलता येतो, छापून विकताही येतो. सोन्याच्या नाण्यांऐवजी होन घ्या आणि १७६० च्या लढाईच्या आदल्या रात्री उदगीरच्या किल्ल्यात शिरणाऱ्या हेरांची गोष्ट रचा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.