फळ्यामागचं टेबल

नवरात्राची तिसरी माळ, बुधवार, आजचा रंग निळा. त्यामुळे तालुक्याच्या या कॉलेजात रक्तदानासाठी लागलेली मुलींची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी आहे. 24 सप्टेंबर हा एनएसएसचा स्थापना दिवस. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ही योजना सुरू झाली. शिबिर दरवर्षी याच तारखेला असतं. यंदा ते नेमकं उपवासांत आलंय.

"सकाळी काय खाल्लंस?" रांगेच्या तोंडाशी बसलेली विद्यार्थी प्रतिनिधी विचारते. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. पुढे डीएमएलटी करून रक्तपेढीतच काम करायचं तिच्या मनात आहे.

"चहा. उपवास आहे ना, ताई."

"कॅन्टीनमध्ये खिचडी केलीय. पोटभर खा आणि तासाभराने ये."

मागची घाईघाईने सांगते, "मी उठता-बसता धरते, आज जेवलेय!" ती आत जाते. वजन 45 किलोच्या खाली भरलं, तर काट्यावरूनच परत.

त्यापुढचं टेबल रांगेतून दिसत नाही. मध्ये चाकांचा फळा उभा केलाय. त्यामागे रक्तपेढीच्या तंत्रज्ञ बाई बोटाला सुई टोचतात आणि थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.053 ठेवलेलं असतं. हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब तळ गाठतो, नाहीतर वरच रेंगाळतो. मुलांचे थेंब पटापट बुडतायत. मुलींचे बरेच रेंगाळतात.

फळा या विद्यार्थी प्रतिनिधीनेच आणवला. गेल्या वर्षी हे टेबल दारासमोर होतं. थेंब तरंगला की रांगेत कुजबुज व्हायची आणि मागच्या दोघीतिघी हळूच निघून जायच्या. खाऊचंही तिने बदललं. रक्त दिलेलं असो वा नसो, हॉलमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीच्या हातात केळं आणि बिस्किटाचा पुडा असतो. खाऊ फक्त रक्तदात्यांना, यावर एनएसएसचे सर आधी अडून बसले होते म्हणे. "केळी जास्त लागली," ते मला सांगतात, "पण रांग बघा की! आणि ही पोरगी पहिल्या वर्षाला हजेरी द्यायची तर ऐकू यायचं नाही. सात दिवसांच्या शिबिरात घरोघरी सर्वेक्षणाला पाठवली, तर वही मैत्रिणीच्या हातात देऊन आपली मागे उभी."

मला वाटतं, ते मागे उभं राहणंच आता तिच्या कामी येतंय. कोण बिचकतंय, हे तिला बरोबर दिसतं.

पलीकडे रक्त देऊन उठलेला कबड्डीच्या संघातला एक दांडगा गडी पांढराफटक पडतो. पोरं गर्दी करतात, कुणीतरी कांदा शोधायला धावतो. "कांदा राहू दे, पाय वर धरा त्याचे! बाकीचे लांब व्हा." मिनिटाभरात गडी डोळे उघडून ओशाळं हसतो. तोवर ही पुन्हा फळ्यामागे. तिथे एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आहे.

"आजारी नाहीयेस तू. पण तपासायचं. शनिवारी ग्रामीण रुग्णालयात जाऊ, सगळ्या मिळून. गोळ्या दिल्या तर चहाबरोबर नाही घ्यायच्या, लिंबूपाण्याबरोबर घे." महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. बाहेरच्या भित्तिपत्रकावर तिनेच ते लिहिलंय. इथे मात्र ती त्यातलं काही बोलत नाही, वहीत नाव आणि वर्ग टिपून घेते.

"तू नाही देत रक्त?" मी विचारतो.

"जूनमध्ये दिलं. आम्हाला चार महिने थांबावं लागतं, मुलांना तीन."

दुपारी पिशव्या शीतपेटीत जातात. सर वर्तमानपत्राला द्यायची बातमी लिहायला बसतात. "किती झाल्या?"

"बासष्ट पिशव्या. आणि परत गेलेल्या सत्तावीस."

"परत गेलेल्या कशाला?"

"पुढच्या शिबिराला त्याच येणार आहेत, सर. आकडा लिहा, नावं नकोत."

सर क्षणभर पेन थांबवतात, मग लिहितात. तिकडे सकाळपासून माइक न सोडणाऱ्या पोराने हे ऐकलंय. "ज्या सत्तावीस भगिनींचं रक्त कमी भरलं, त्यांनी कृपया—"

ती उठते, भिंतीपाशी जाते आणि माइकची पिनच उपसते.