हवाईयन गिटारला तारा कोणत्या?

बोरिवलीत काय किंवा घाटकोपरला काय, गिटारच्या तारा मागितल्या की दुकानदार बहुधा साध्या स्पॅनिश गिटारचा सेट पुढे करतो. वर सल्ला देतो: ‘नवीन आहात ना, पातळ घ्या, बोटं दुखणार नाहीत.’ मांडीवर आडव्या ठेवायच्या हवाईयन गिटारला हा सल्ला लागूच पडत नाही. इथे डाव्या हाताची बोटं तार दाबत नाहीत, उंच उचललेल्या तारांवरून पोलादी बार सरकतो. तार पातळ आणि सैल असली की बारच्या वजनाने खाली लवते, खरखरते आणि सूर ढळतो.

दुसरा समज जास्त महागात पडतो: सेट कुठलाही चालेल, सुरात लावला की झालं. पाकिटावरचे गेज, म्हणजे तारांच्या जाड्या, ई-ए-डी-जी-बी-ई या ट्यूनिंगसाठी ठरवलेले असतात. हवाईयन वादकांचं एक आवडतं ट्यूनिंग ए मेजरचं, जाडीकडून ई-ए-ई-ए-सी शार्प-ई. यात तीन तारा दोन-दोन अर्धस्वर चढतात आणि प्रत्येकीचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. ‘हाय बास’ या ट्यूनिंगमध्ये सहावी तार ई वरून ए वर न्यावी लागते, म्हणजे ७८ टक्के जादा ताण! पोकळ पेटीच्या गिटारची घोडीच उखडायची. आधी ट्यूनिंग ठरवावं, मग त्या हिशेबाने सुट्या तारा घ्याव्यात.

तार तुटते म्हणून जाड घेणारेही भेटतात. पण साध्या, न वेटाळलेल्या तारेत सूर आणि लांबी तीच असेल, तर जाडीबरोबर ताणही वाढतो आणि दर चौरस मिलिमीटरवरचा भार जवळपास तेवढाच राहतो. तार पुन्हापुन्हा एकाच जागी तुटत असेल तर तिथली खाच किंवा घोडीची धार तपासा.

व्हॅन शिप्लींनी गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या रेकॉर्डी ऐकून विजेची गिटार घेतलीत, तर ब्राँझ वेटाळलेल्या तारा टाळा. पिकअप चुंबकावर चालतो आणि ब्राँझ त्याला जवळपास दिसतच नाही. निकेलचा मुलामा दिलेलं पोलादी वेटोळं हवं. ब्रिजभूषण काब्रांची १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममधली गिटार डोक्यात असेल, तर लांब मींड घेताना वेटाळलेल्या तारेवर बार घासून होणारा आवाज खटकेल. हात वाईट म्हणून स्वतःला दोष देऊ नका. चपट्या वेटाळणीची तार लावून बघा.

आणि पावसाळा. तार तुटली नाही म्हणजे ती चांगली, असं नाही. दमट हवेत गंज आणि मळ तारेवर असमान बसतात आणि तिचे उपस्वर बिघडतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसा.